झिपरी इथं राहत नाही

एका जंगलात, बाळांनो, अस्वलाच्या एका पिल्लानं नवस बोलला होता.

पिल्लू मुलीचं होतं. नाव झिपरी. तिच्या वयाची सगळी पिल्लं सरसर झाडावर चढायची आणि ही अर्ध्यातूनच घसरून बुडावर आपटायची. आपटून आपटून कंटाळली, तेव्हा तिनं त्या जंगलाच्या देवीला, वनाईला, हात जोडले. म्हणाली, "वनाई, मला चढायला येऊ दे. मग मी बेहड्याच्या शेंड्यावरचं पोळं काढीन. अर्धं तुला, अर्धं मला. मुंग्यांना चाटायलासुद्धा देणार नाही."

भाव खरा असला की देवी पावतेच. झिपरीलाही पावली. ती अशी चढायला लागली की माकडं तिला वाट विचारू लागली. नवस फेडायचा तेवढा राहिला, आणि मध्येच लग्न ठरलं.

नवरा पलीकडच्या गुहेतला. गुरगुरराव. स्वभावानं चांगले. झोपलेले असले की फारच चांगले.

त्या जंगलात रीत होती, लग्नात नवरीचं नाव बदलायचं. ताटात वारुळाची मऊ माती पसरली. सासूबाईंनी गुरगुररावांचा पंजा धरून नवं नाव लिहवलं. नाव होतं अखंडसौभाग्यमधुमालतीदेवी. एका ताटात मावेना, म्हणून शेजारून दुसरं ताट आणलं. सगळ्यांनी कौतुक केलं. संध्याकाळपर्यंत सासूबाई ते नाव विसरल्या. गुरगुरराव तर लिहितानाच विसरले होते.

जुनं नाव पुसलं गेलं आणि नवं कुणाला येईना. मग 'अगं'वर भागू लागलं. पुढं दोन पिल्लं झाली, गब्ब्या आणि चिंगी. तेव्हापासून ती 'गब्ब्याची आई' झाली. जंगलातल्या बायकांच्या मोबाईलच्या ग्रुपवरही तेच. गुहेच्या दारावर छान पाटी होती. तिच्यावर सासऱ्यांचं नाव होतं, गुरगुररावांचं होतं, आणि गब्ब्याचे डोळे उघडायच्या आधीच त्याचंही नाव लागलं होतं. पाटी रोज पुसायची मात्र तिनं.

तिची काही तक्रार नव्हती बरं का. ती देवभोळी होती. सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी तिनं शनिवार धरले होते. गुरगुररावांचं घोरणं कमी व्हावं म्हणून सोमवार. गब्ब्याला दात यावेत म्हणून मंगळवार आणि चिंगीनं चावू नये म्हणून बुधवार. असं करता करता आठवड्यात वारच उरला नाही. स्वतःसाठी काही मागायचं तर देवानं आठवा वार काढायला हवा होता.

एके दिवशी सकाळी गुहेच्या दारावर टकटक झाली. वनाईचा निरोप घेऊन सुतारपक्षी आला होता.

त्यानं विचारलं, झिपरी इथंच राहते ना? बेहड्याच्या शेंड्यावर तिच्या नावाचं पोळं लागलंय. तिनं ते आज सूर्य मावळायच्या आत काढायचं आहे. नाही काढलं तर पोळं सिंहाच्या कोठारात जाईल, आणि झिपरी हे नाव वनाई दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकील. ओढ्याकाठच्या तरसाला नुकतीच मुलगी झालीय. तिच्या आईनं या नावाला मागणी घातलेलीच आहे.

सासूबाई म्हणाल्या, आमच्यात असलं नाव कुणी ठेवत नाही. गुरगुरराव पडल्या पडल्याच म्हणाले, पाटी वाचा.

आणि आतून, वाळवी निवडता निवडता, ती स्वतःच म्हणाली, "नाही हो भाऊजी, झिपरी इथं राहत नाही. नदीपलीकडं विचारून बघा."

खोटं नव्हती बोलत. तिला खरंच असं वाटलं. वर तिनं सुतारपक्ष्याला दोन घटका बसवलं आणि मुंग्यांची अंडी खाऊ घातली. तो उडून गेल्यावर मात्र तिचा जीव कसनुसा झाला. कुणाचा तरी नवस राहिलाय. त्या बिचारीला कुणी सांगितलंच नाही, तर तिचं नाव उद्या तरसाच्या घरी पाळण्यात असेल. आपण शोधायला नको का तिला?

तिनं भीत भीत सासूबाईंना विचारलं. एरवी तिनं पाय मोकळे करायला जाते म्हटलं असतं, तर सासूबाईंचे गुडघे लगेच दुखले असते. पण हे दुसऱ्याचं काम होतं. त्या म्हणाल्या, "जा बाई, पुण्य लागेल. वाळवी भिजत घालून जा म्हणजे झालं."

तिनं वाळवी भिजत घातली, झिपरी उपाशी असेल तर म्हणून चार जांभळं पानात बांधून घेतली, आणि निघाली झिपरीला शोधायला.

साळिंदराला विचारलं. तो म्हणाला, झिपरी म्हणजे ती ना, फांदीला उलटी लटकून गाणी म्हणायची? फार द्वाड पोरगी. तिच्या गाण्यानं माझे काटे उभे राहायचे. लग्न झालं आणि गेली कुठं ती कळलंच नाही.

तिला हसू आलं. मनात म्हणाली, काय तरी एकेक बायका असतात.

डोहाकाठी कासवीणआजी भेटली. आजीला पोरीचं तोंड आठवत होतं. नाकावर पांढरा ठिपका, म्हणाली, अगदी तुझ्यासारखा.

"अगंबाई," ती म्हणाली, "म्हणजे माझ्या माहेरच्या नात्यातलीच असणार कुणीतरी."

आजीनं मान कवचात ओढून घेतली.

ऊन उतरलं. पाय दुखायला लागले. झिपरीचा पत्ता नाही. शेवटी ती बेहड्याखाली येऊन उभी राहिली. वाटलं, वर चढून पाहिलं तर दिसेल कुठून तरी येताना. लग्नानंतर ती ओट्यापेक्षा उंच कशावर चढली नव्हती. ती भीतही होती. वनाईचं नाव घेऊन तिनं खोडाला नख लावलं.

नखांना काही विचारावं लागलं नाही. ती आपापली चालू लागली. ही फांदी, ती ढोली, इथं पाय, इथं पोट. ती शेंड्याला पोहोचली तेव्हा धापसुद्धा लागली नव्हती. खाली सगळं जंगल पसरलं होतं. आपली गुहा केवढीशी दिसते, याची तिला फार गंमत वाटली. समोर पोळं होतं, तुडुंब भरलेलं. तिनं त्याला हात लावला नाही. परक्याचं होतं ते. पण बसल्या बसल्या तिनं पाय फांदीत अडकवले, सहजच, आणि उलटी लटकली. आणि तोंडातून कसलंसं गाणं येऊ लागलं.

सूर्य डोंगराला टेकला. सुतारपक्ष्यानं झाडावर चोच आपटली आणि शेवटची हाक दिली.

"झिपरी."

"काय रे?" ती म्हणाली.

मग दचकली. कोण बोललं म्हणून तिनं इकडं तिकडं पाहिलं. शेंड्यावर दुसरं कुणी नव्हतं.

सुतारपक्षी शहाणा होता. त्यानं नुसतं पोळ्याकडं बोट दाखवलं, म्हणजे चोच दाखवली. तिनं पोळं काढलं. अर्धं वनाईसाठी फांदीवर ठेवलं. उरलेलं अर्धं तिथंच बसून, डोळे मिटून, हनुवटीवरून ओघळ येऊ देत खाल्लं. मुंग्या आल्या होत्या. त्यांना तिनं हाकलून दिलं. तरसाच्या बायकोनं दुसरं नाव बघायला घेतलं.

ती खाली उतरली तर घरचे सगळे झाडाखाली जमलेले. वाळवी भिजली होती, पण शिजत का नाही हे कुणाला कळेना, म्हणून तिला शोधत आले होते.

सासूबाईंनी विचारलं, सापडली का गं ती?

"सापडली."

"कशी आहे?"

"बरी आहे. जरा जाड झालीय, पण चढते अजून."

गुरगुरराव विचारात पडले. एवढी चढणारी, हाताला जोर असलेली बाई म्हणजे कामाची. ते म्हणाले, "अगं, मोकळीच असेल तर आपल्याकडं स्वयंपाकाला येते का, विचारायचं होतंस."

"विचारलं," ती हनुवटी पुसत म्हणाली. "नाही म्हणाली."

आणि ती बेहड्याला टेकून, पाय पसरून बसली. बाकीचे, वाळवी आधी धुतात की आधी शिजवतात यावर वाद घालत, घराकडं निघाले.

तात्पर्य: नवस नेहमी नवऱ्याच्या, मुलांच्या नाहीतर सासूबाईंच्या गुडघ्यांच्या नावानं बोलावा. स्वतःच्या नावानं बोललेला नवस देवी विसरत नाही, आणि मग घरचा स्वयंपाक खोळंबतो. एवढं ऐकूनही, लेकींनो, तुम्हाला वाटलंच, तर झिपरीसारखा एक नवस तुम्हीही बोला. हळू बोललात तरी चालेल, नाव मात्र स्पष्ट सांगा.