रोझाचं साक्षांकित बाळंतपण

यिहलावा गावच्या द्राहोमीराबाईंनी शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यावर रंग बदलणारी एक सरडी पाळली. तिचं नाव रोझा. मार्चमध्ये रोझाने खाणं सोडलं, पिंजऱ्याच्या तळाशी येरझारा सुरू केल्या. बाईंनी तिच्यासाठी ओल्या वाळूचं घमेलं ठेवलं आणि प्राणिनोंदणी कार्यालयाला रीतसर कळवलं, की मादी अंड्यांवर आली आहे.

नियम साधा होता. पिल्लं जंगलातून धरून आणलेली नसून घरीच जन्मलेली आहेत, असा दाखला हवा. त्यासाठी मादीला अंडी घालताना अधिकाऱ्याने प्रत्यक्ष पाहायला हवं. दाखला नसेल तर अंडी जप्त.

सोमवारी ह्रूबेश नावाचे अधिकारी आले. दारात बूट काढून त्यांनी पाहुण्यांच्या सपाता घातल्या आणि पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकली. रोझाचा खड्डा निम्मा खणून झाला होता. तिने एक डोळा ह्रूबेशांकडे फिरवला, दुसरा त्यांच्या फायलीकडे, आणि खड्डा सोडून फांदीवर जाऊन बसली.

"कुणी बघत असलं की ती घालत नाही," बाई म्हणाल्या.

"आणि कुणी बघितलं नाही, तर तिने घातली नाहीत. कलम सात."

"मधे पडदा लावू का?"

"पडद्यामागचं मी साक्षांकित कसं करणार, बाई?"

मंगळवारीही तेच. ह्रूबेशांनी अहवालात 'मादी सहकार्य करत नाही' असा शेरा मारला. असहकार एकट्या अधिकाऱ्याच्या अखत्यारीत बसत नाही, म्हणून बुधवारी त्यांच्या वरिष्ठ शोल्त्सोवाबाई आल्या, सोबत फोटोग्राफर. शिवाय एक निःपक्ष नागरिक लागतो, म्हणून समोरच्या घरातून मला बोलावलं. आता चार खुर्च्या. रोझाचे डोळे खोल गेले होते. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, आज अंडी पडली नाहीत तर पोटातच अडकतील आणि ती जगणार नाही.

द्राहोमीराबाईंनी आम्हाला स्वयंपाकघरात बसवून खसखशीचे गोड पाव वाढले आणि मधे दोनदा उठून गेल्या. आम्ही परतलो तेव्हा न्हाणीघराला कडी होती.

"नळ गळतोय," त्या म्हणाल्या. "कुणाला जायचं असेल तर समोर यांच्याकडे जा."

आम्ही पिंजऱ्यावर नजर रोखून बसलो. पाऊण तास झाला तरी मला रोझा दिसेना.

"तुम्हाला दिसतेय का?" मी ह्रूबेशांना हळूच विचारलं.

त्यांनी शोल्त्सोवाबाईंकडे पाहिलं. त्या पानांकडे एकटक बघत होत्या. "रंग बदललाय तिने," त्या म्हणाल्या. "सरावाची नजर लागते."

"हो, हो. तिथेच तर आहे," ह्रूबेश म्हणाले. फोटोग्राफरने पानांचे बारा फोटो काढले. मग मलाही हळूहळू शेपूट दिसायला लागलं.

चारच्या सुमाराला द्राहोमीराबाई कडी काढून न्हाणीघरात गेल्या आणि थोड्या वेळाने बाहेर आल्या. हाताला ओली वाळू, डोळे पाणावलेले. अंड्यांचा डबा त्यांनी टेबलावर ठेवला. "त्रेचाळीस," त्या म्हणाल्या. "पाणीही प्यायली पोरगी."

"आमच्या मोजणीशी जुळतंय," शोल्त्सोवाबाई म्हणाल्या. सगळ्यांनी सह्या केल्या. चौथी सही माझी.

या यशावर खूश होऊन कार्यालयाने चार साक्षीदार सर्वांनाच सक्तीचे केले. आठवड्याभरात माझ्यासमोरच द्राहोमीराबाईंना तेल्चहून ओताकार नावाच्या सरडेवाल्याचा फोन आला.

"माझी दोन दिवस फांदीवरून उतरत नाहीये, ताई. समोर चौघं बसलेत. तुझीने कशी ग घातली?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"तुझ्याकडे न्हाणीघर आहे ना?" त्या म्हणाल्या. "एक बादली ओली वाळू घे."

यंदाच्या वार्षिक अहवालानुसार जिल्ह्यातली शंभर टक्के अंडी साक्षीदारांच्या नजरेसमोर पडली. अहवाल रंगीत छापलाय. प्रत्येक फोटोत पानांच्या दिशेने बाण काढून 'मादी' असं लिहिलंय. तुमच्याही हाती येईल. तुम्हाला ती दिसली नाही, तर कुणाला विचारू मात्र नका. बाकी सगळ्यांना दिसलीय.