वरच्या मजल्यावरची रोजमेरी

दैवशालाच्या हाताला काहीही लागतं. असं दैवशाला स्वतःच सांगायची आणि सेलूच्या त्या गल्लीत तिला खोडून काढणारं कुणी नव्हतं. शेवग्याचा दांडका मातीत नुसता खोचून ठेवला तरी तो पालवायचा. स्वयंपाकाचंही तसंच. तिच्या हातच्या भरल्या वांग्याचा वास सुटला की शेजारच्या लक्ष्मीबाई काहीतरी मागायचं निमित्त काढून वाटी घेऊन यायच्या, आणि वाटी कधी रिकामी परत जायची नाही.

चांगलं म्हणायचं राहिलं होतं ते फक्त एका माणसाचं. सासूबाईंचं. नर्मदाबाई खाली मान घालून जेवायच्या, ताटात पाणी ओतून हात धुवायच्या आणि उठायच्या. बरं नाही, वाईट नाही, काही नाही. उलट थंडीचे दिवस आले, घरात वांगी रोजची झाली, की रोज संध्याकाळी ताज्या भाजीकडं न बघता विचारायच्या, "सकाळचं वांगं हाय का उरलेलं?" समोर गरमागरम भाजी असताना शिळं मागायचं, म्हणजे काय समजायचं बाईनं? दैवशाला तो टोमणा समजत आली होती. लग्न झाल्यापासून समजत आली होती.

तरी ते चाललं असतं. सासूबाईंना ती आत्याबाई म्हणायची, आणि आत्याबाई कुणालाच चांगलं म्हणत नाहीत, एवढं समाधान पुरेसं होतं. पण त्या वर्षी धाकट्या दिराची, परमेश्वरची, बँकेतून सेलूला बदली झाली. वरच्या मजल्यावर तो आणि त्याची बायको मनिषा पुण्याहून राहायला आले. सगळं सामान टेम्पोतून आलं. एक कुंडी तेवढी मनिषानं मांडीवर घेऊन आणली.

"हे काय गवत हाय?" दैवशालानं विचारलं.

"रोजमेरी हाय, अक्का. स्वयंपाकात घालतेत."

सुईसारखी बारीक, टणक पानं. चुरगाळली तर कापूर आणि सर्दीचा बाम एकत्र केल्यासारखा वास. असलं काही माणसं खातात, हे दैवशालाला पटलं नाही. ती गप्प बसली, कारण लोकांसमोर हसं होणार होतं ते मनिषाचं होणार होतं.

आल्याच्या चौथ्या-पाचव्या दिवशी मनिषानं सगळ्यांसाठी बटाटे केले. लोणी, लसूण आणि ते गवत. दैवशाला भाकरी थापत होती आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होती. नर्मदाबाईंनी पदरानं नाक पुसलं, एक फोड खाल्ली. पुन्हा नाक पुसलं, दुसरी खाल्ली. आणि ताट पुढं केलं.

"घाल गं अजून."

तव्यावरची भाकरी करपली. दैवशालाच्या हातून भाकरी करपायची ही पहिलीच वेळ. बन्सीधर, म्हणजे तिचा नवरा, म्हणाला, "काहीतरी जळायलंय." जळत होतं खरं, पण तव्यावर जेवढं जळत होतं त्याच्या दुप्पट दैवशालाच्या पोटात जळत होतं. तिला मनिषाचा मत्सर वाटला. मनिषाच्या कुंडीचाही वाटला. बटाट्यांचासुद्धा वाटला.

त्या दिवसापासून तिला एकच ध्यास लागला. तसलं झाड आपल्याकडं हवं, तसले बटाटे आपण करायचे, आणि आत्याबाईंनी आपल्यासमोर ताट पुढं करायचं.

मनिषाला एक फांदी मागता आली असती. पण एक तर मागायला जीभ वळेना, आणि दुसरं म्हणजे मागून आणलेलं झाड काय लागतं? चोरून आणलेलंच चांगलं लागतं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. दैवशालाच्या अंगणातली निम्मी झाडं अशीच आली होती आणि तिची निम्मी झाडं अशीच दुसऱ्यांच्या अंगणात गेली होती. त्याला तिथं कुणी चोरी म्हणत नसे. ती गोधड्या उन्हात टाकायला म्हणून गच्चीवर गेली आणि मनिषाच्या कुंडीतली बोटभर फांदी गोधडीच्या घडीत घालून खाली आली. दुपारी बन्सीधर जेवायला घरी आला आणि दारातच थबकला.

"कुणाचं काय दुखायलंय? एवढा बाम कुणी चोळला?"

"माझं डोकं," दैवशाला म्हणाली. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

फांदी तिनं रंगाच्या रिकाम्या डब्यात लावली आणि डबा मानानं तुळशीशेजारी ठेवला. फांदी हिरवीगार राहिली. तुळशीचं लग्न लागलं, गल्लोगल्ली मांडव पडायला लागले, आणि मनिषा चुलत बहिणीच्या लग्नासाठी माहेरी, राणीसावरगावला निघाली. जाताना गच्चीची किल्ली घेऊन खाली आली.

"अक्का, तेवढं माझ्या रोजमेरीकडं बघा. मी रोज पाणी घालायलेय, तरी ते मलूलच दिसायलंय. तुमच्या हाताला गुण हाय."

"तू बिनघोर जा," दैवशाला म्हणाली.

त्या रोपाला मारायचं तिच्या मनात नव्हतं. फक्त पाणी घालायचं नव्हतं. मारणं वेगळं आणि पाणी न घालणं वेगळं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. पण गल्लीला दिसलं तर पाहिजे. म्हणून ती रोज सकाळी भरलेला तांब्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वर न्यायची, गच्चीवर जरा वेळ इकडंतिकडं बघत उभी राहायची आणि भरलेला तांब्या पदराखाली झाकून खाली आणायची. मग ते पाणी वाया कशाला घालवायचं? ते तिच्या डब्यात जायचं. संध्याकाळी तांदूळ धुतलेलं पाणी जायचं ते वेगळं. मनिषाच्या वाटणीचं पाणी आपलं झाड पितंय, या विचारानं तिला फार बरं वाटायचं.

चार दिवसांत तिनं लक्ष्मीबाईंना भिंतीवरून सांगूनही टाकलं, "मनिषा येऊ द्या. त्या दिवशी माझ्या घरच्या रोजमेरीचे बटाटे करते. मग बघू आत्याबाई कुणासमोर ताट धरतेत."

मनिषा यायच्या दिवशी सकाळी दैवशाला डब्यापाशी बसली. पानं काळी पडली होती. तिनं फांदीला नुसतं बोट लावलं, तर फांदी चहात विरघळलेल्या बिस्किटासारखी हातात आली.

"कुणी हात लावला होता का ह्याला?" तिनं घराला विचारलं.

नर्मदाबाई माळ ओढत म्हणाल्या, "हात कोण लावतंय? मी रोज आंघोळ झाली की पाणी तेवढं घालायले, तुळशीसंगं. तू एवढी जीव लावायलीस, म्हणलं देवाचंच कायतरी असंल. हळदकुंकू बी वाहिलं."

भिंतीपलीकडून लक्ष्मीबाईंचा आवाज आला. "मी बी घालायले की! तुमी दोघी घालायलात, म्हणलं काही व्रत असंल. आपणच कशाला मागं राहायचं?"

बन्सीधर दाढी करत होता. त्याचं खता-बियाण्यांचं दुकान होतं, त्यामुळं झाडाचा विषय निघाला की त्याला बोलावंच लागायचं. "मी चिमूटभर युरिया टाकलाय. त्यानं काय होत न्हाई."

"चिमूटभर म्हणजे केवढा?"

बन्सीधरनं वस्तरा खाली ठेवला आणि आपल्या मुठीकडं बघितलं. "एवढाच," तो म्हणाला.

डब्याला खालून भोक पाडायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं.

दैवशाला किल्ली घेऊन तशीच गच्चीवर गेली. आपलं मेलं ते मेलं, निदान तिचंही वाळलेलं दिसावं, म्हणजे रडायला सोबत होईल, असं तिला वाटत होतं. दार उघडलं आणि ती चौकटीतच उभी राहिली. रोजमेरी ताठ उभी होती. अंगावर नवे कोवळे शेंडे आले होते आणि दोन शेंड्यांना चक्क निळसर फुलं लागली होती. चार-चार हातांनी पाजलेलं मेलं आणि उपाशी ठेवलेलं फुललं! असला अन्याय दैवशालानं पाहिला नव्हता.

पण संध्याकाळी बटाटे तर करायचे होते. गल्लीला सांगून झालं होतं. ती खालून कात्री घेऊन आली.

एकच शेंडा घ्यायचा, असं तिनं ठरवलं होतं. घेतला, तर झाड त्या बाजूनं लंगडं दिसायला लागलं. कुणालाही कळलं असतं. म्हणून समोरचा एक कापला. आता ती बाजू जास्त गेल्यासारखी वाटली. मग डावीकडचे दोन, मग उजवीकडचे तीन. सारखं करता करता ती जेव्हा थांबली, तेव्हा कुंडीत मुंज झालेल्या पोरासारखं झाड उभं होतं आणि तिच्या ओच्यात पुऱ्या गल्लीच्या बटाट्यांना पुरेल एवढी रोजमेरी होती. त्या सगळ्या धांदलीत सकाळची वांगी करायची राहून गेली.

मनिषा दुपारच्या एसटीनं आली. संध्याकाळी दैवशाला ती सगळी रोजमेरी घालून बटाटे परतत असताना जिन्यावर पावलं वाजली. मनिषा कुंडी छातीशी धरून खाली येत होती.

"अक्का, हे काय झालं?"

बन्सीधर, परमेश्वर, आत्याबाई, सगळे ताटांवर बसलेले. "बकरी..." दैवशाला म्हणाली.

"बकरीचं काय?"

"काय न्हाई. गल्लीत एक बकरी मोकळी फिरायली, ते सांगायले."

"बकरी राहू द्या. तुमाला हे शिकवलं कुणी?" मनिषानं कुंडी सगळ्यांच्या मधोमध ठेवली. "पुण्यात माझ्या दोन कुंड्या गेल्या पाण्यानं. हे बी मी पाणी घालून घालून मारायलेच होते. तुमी पाणी तोडलं, वरून छाटणी केली, जीव वाचला बघा त्याचा. खालून केवढे फुटवे यायलेत! उगं म्हणत न्हाईत लोक तुमच्या हाताला गुण हाय म्हणून."

दैवशालानं उलथनं जरा जास्तच ऐटीत फिरवलं. "झाडाला काय पाहिजे ते बघून कळतंय मला," ती म्हणाली. तिला क्षणभर ते खरंही वाटलं.

मग तिनं बटाटे वाढले. बन्सीधर चांगलं म्हणाला, परमेश्वर चांगलं म्हणाला, पण तिकडं तिचं लक्ष नव्हतं. ती हातात पळी धरून आत्याबाईंच्या जबड्याकडं बघत होती. नर्मदाबाईंनी एक फोड खाल्ली. दुसरी खाल्ली. बाकीच्या ताटाच्या कडेला सारल्या.

"वाढू का, आत्याबाई?"

"नको."

"त्या दिवशी तर मनिषाला मागून घेतले होते."

"त्या दिवशी सर्दी होती मला. नाक पार बंद. त्या पाल्याच्या वासानं मोकळं झालं, म्हणून घेतले. आज कुठं सर्दी हाय?"

दैवशालानं पळी खाली ठेवली. म्हणजे ते बटाटे नव्हते, औषध होतं! महिनाभर ती एका औषधावर जळत होती. पोटातला निखारा विझला आणि तिला मनिषा एकदम चांगली मुलगी वाटायला लागली. तेवढ्यात नर्मदाबाईंनी रोजच्यासारखं विचारलं,

"सकाळचं वांगं हाय का उरलेलं?"

"आज केलंच न्हाई."

नर्मदाबाईंचा हात ताटातच थांबला. "वांगंच न्हाई? मग मी जेवू कशासंगं? तुझ्या हातचं मुरलेलं वांगं असल्याशिवाय मला जेवल्यागत होत न्हाई. म्हणून तर रोज मागते."

दैवशालाच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांचा टोमणा टोमणा नव्हताच. आत्याबाई रोज तिचं वांगं दुसऱ्यांदा मागत होत्या आणि ती रोज तोंड फिरवून वाढत होती. तिनं नवी भाकरी तव्यावर टाकली आणि पदरानं डोळे टिपले. असं सुख तिला या घरात कधी मिळालं नव्हतं.

"वर हाय की वांगं," मनिषा म्हणाली.

दैवशालानं मान वळवली.

"माहेरच्या वावरातली आणली होती. आल्या आल्या केली. अक्का, तुमी करताना मी जिन्यावर बसून बघायचे. विचारायची लाज वाटायची. एवढी तारीफ होते तुमच्या वांग्याची, माझा जीव नुसता जळायचा." असं म्हणून ती धावत वर गेली आणि पातेलं घेऊन आली.

नर्मदाबाईंनी एक वांगं घेतलं. भाकरीचा तुकडा मोडला. त्यांनी तो घास डोळे मिटून सावकाश खाल्ला.

"अगदी तुझ्यासारखं झालंय गं, दैवशाला," त्या म्हणाल्या, आणि ताट मनिषापुढं केलं. "घाल गं अजून एक."

तव्यावरची भाकरी करपली. बन्सीधर म्हणाला, "काहीतरी जळायलंय." आणि तो वास मारायला आता घरात, वर किंवा खाली, रोजमेरीचा तोडण्याजोगा एक शेंडाही शिल्लक नव्हता.