टारफुल्याच्या पारिपत्याची हकीकत

श्रीधरित्री प्रसन्न. जिच्या पोटी बीज निजते आणि जिच्या आज्ञेने जागे होते, तीस नमस्कार करोन ही हकीकत लिहिली असे. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर. ते समयी राज्याच्या पूर्वेस माळवंडी म्हणोन परगणा होता. जमीन हलकी, खडकाळ, परंतु जोंधळा उत्तम पिके आणि साऱ्या मुलखाची भाकरी त्यावर चाले. त्या परगण्यावर टारफुल्याची स्वारी आली. टारफुला म्हणजे तण. वीतभर उंची, वर नाजूक पांढरे फूल, पाहणाऱ्यास वाटावे देवास वाहावे. परंतु करणी वेगळी. जमिनीखाली तो जोंधळ्याच्या मुळास तोंड लावी आणि रस पिऊन घेई, आणि मातीत ओल असोनही जोंधळा उभ्याउभ्या करपे. रयतेने उपटला, जाळला, नांगराखाली घातला. दुसरे साली दुप्पट आला.

मग रयत हुजूर आली आणि दरबार भरला. दिवाण भगवंतराव होनप पोक्त गृहस्थ, रयतेचे हाल पाहोन ज्यांस अन्न गोड लागेना, ते बोलिले, "टारफुल्याचे बी मातीत वर्षानुवर्षे निजून राहते. जोंधळा पेरू तोवर ते उठेल. सबब परगण्यात जोंधळा बंद करावा आणि रयत नदीकाठी नेऊन वसवावी." महाराज शिक्का करणार, इतक्यात मैनाबाई पांगारकर उठोन उभ्या राहिल्या. या बाई राज्यातील वनस्पतीविद्येचा कारभार पाहात. जन्म माळवंडीचा, आई लहानपणीच वारली आणि आत्या हिराबाई यांनी वाढविल्या. बाई बोलिल्या, "शत्रू निजतो, हे दिवाणजी खरे सांगतात. परंतु त्यास उठवितो कोण, हे कोणी पाहिले नाही. ते पाहिल्याविना गावे उठवू नयेत." दिवाण बोलिले, "आणि आपण पाहात बसाल तोवर लोकांनी खावे काय?" मग महाराजांनी तोड काढिली, की पेरा बंद, रयतेस कोठारातून धान्य, गावे तूर्त उठवू नयेत. आणि बाईंस परीक्षेसाठी एक शेत द्यावे, जे सर्वांत बिघडले असेल ते. चौकशी करिता ते शेत हिराबाईंचेच निघाले.

मग बाईंनी काचघरात ठाण मांडिले. टारफुल्याचे बी केवढे, तर चिमटीत धरिले असता निव्वळ धूळ. ती धूळ बशीत पाण्यावर ठेविली, निजली राहिली. ऊब दिली, खत दिले, तरी निजलेलीच. मग जोंधळ्याचे कोवळे रोप ज्या पाण्यात वाढले होते, त्यातून रोप काढिले आणि नुसते पाणी बशीत घातले, आणि दुसरे दिवशी सूक्ष्मदर्शकास डोळा लाविला, तो साऱ्या धुळीस पांढरे कोंब फुटलेले. मूळ तेथे नव्हते, मुळाचा निरोप तेवढा होता. डोळ्यांस न दिसता, कानांस न ऐकू येता, जोंधळा मातीत काही बोलत होता, आणि तो बोल ऐकोन त्याचा मारेकरी जागा होत होता. जन्मभर जोंधळा पाहिला, जोंधळा खाल्ला, आणि तो बोलतो हे ठाऊक नव्हते.

परंतु आपल्या वैऱ्यास कोणी आपण होऊन का बोलावील? शोध करिता कळले, की हाक वैऱ्यास नव्हतीच. मातीत एक बुरशी असते, कोळ्याच्या जाळ्याहून बारीक तंतूंची. ती मुळात येऊन राहते, आणि मुळाचा हात पोचत नाही तेथून स्फुरद आणून देते, आणि बदल्यात साखर घेते. जमीन हलकी, मूळ उपाशी, म्हणोन जोंधळा या सोयऱ्यास हाक मारी. जितकी भूक अधिक तितकी हाक मोठी. ती हाक टारफुल्याने चोरून ऐकिली. माळवंडीच का बुडाली, याचा उलगडा तेव्हा जाहला.

मग बाईंनी मुका जोंधळा मिळविला, ज्याचे मूळ हाकच देईना. टारफुला निजला खरा, परंतु सोयराही आला नाही आणि रोपे खुरटली. तेव्हा हाक तर पाहिजे, परंतु वैऱ्यास न कळे ऐशा बोलीत, ऐसे ठरले. मग बीजकोठारातील गावोगावचे वाण एकामागोन एक तपासले. हंगाम फुकट जाऊ लागले. दिवाणजी वाटेत भेटत आणि काही न विचारता पुढे जात, आणि ते न विचारणे बाईंस फार लागे. शेवटी डोंगरपट्ट्यातील एक तांबडा जोंधळा हाती आला; दाणा बारीक, भाकरी कडवट, कोणी आवडीने खाईना. त्याच्या पाण्यात टारफुला हलला नाही आणि बुरशी मात्र धावोन आली. हाकेचा पदार्थ पाहिला, तो जवळपास तोच. घडण तेवढी किंचित निराळी. सोयऱ्याचे तेवढ्याने अडत नाही, वैऱ्याचा कान मात्र चुकतो. डोळ्यांस दिसणार नाही एवढ्या फरकावर एक परगणा तरावा, हे पाहोन बाई थक्क जाहल्या. मग त्या तांबड्याचा पराग माळवंडीच्या पांढऱ्या जोंधळ्यावर धरिला आणि पिढ्यामागोन पिढ्या निवडिल्या, तेव्हा दाणा पांढऱ्याचा आणि बोली तांबड्याची ऐसे बी सिद्ध जाहले.

शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरी बाई ते बी घेऊन हिराबाईंकडे आल्या. हिराबाई ओट्यावर मटकी निवडीत होत्या. बाई म्हणाल्या, "आत्या, अर्ध्या शेतात हे पेरायचं. अर्ध्यात तुझा जुना."

"जुना मरंल की गं."

"मरेल. पण तो मेल्याशिवाय दरबाराला पटायचं नाही. टारफुला तिथं आहे, हे दिसायला हवं."

"म्हंजी मी माज्या हातानं पेरायचा, मरायसाठी."

बाईंची मान खाली गेली. "तू नको म्हणालीस तर दुसऱ्या कुणाचं शेत मागेन."

"दुसऱ्याचं काय वायलं असतंय? त्यालाबी ह्ये दुखंलच. दे हिकडं त्ये बी."

मग पेरा जाहला आणि दोन्ही अंगे सारखीच उगवोन आली, आणि पोटरीचे वेळेस, कणीस बाहेर पडण्याआधी, जुने अंग मलूल होऊ लागले आणि टारफुला वर निघाला. लोक नवे पीक पाहावयास येत. हिराबाई मात्र जुन्याच अंगास जात, आजाऱ्यापाशी बसावे तैशा बांधावर बसत. बाईंस त्यांच्याजवळ जाण्याचा धीर होईना.

कणसे भरली तेव्हा दिवाण स्वारीसह आले. माती एक, पाणी एक, मधे नांगराची एक रेघ. रेघेच्या अलीकडे पांढरी फुले दाट आणि जोंधळा वाळोन उभा, पलीकडे हिरवे रान, कणसांनी लवलेले, फूल एकही नाही. दिवाणांनी जोडे काढिले आणि त्या रेघेवरोन शेवटपर्यंत चालोन गेले, आणि नव्या अंगातील एक ताट उपटोन मुळाकडे पाहात राहिले. मग बोलिले, "बाई, शत्रू मेला काय?"

"नाही, निजला आहे. आणि कधी काळी तोही ही बोली शिकेल. तेव्हा आम्हांस दुसरी शोधावी लागेल."

"मी गावे उठविणार होतो," दिवाण बोलिले.

"आपण लोकांच्या भुकेसाठीच सांगत होता."

दिवाणांनी हात जोडिले, ते बाईंस की जोंधळ्यास, हे कोणास कळले नाही.

स्वारी गेल्यावर हिराबाई प्रथमच रेघ ओलांडोन नव्या अंगात आल्या आणि म्हणाल्या, "मैने, ह्ये आत्ताबी बोलतंय?"

"बोलतंय, आत्या."

"काय म्हनतंय?"

"भूक लागली म्हणतंय."

हिराबाई खाली बसल्या आणि मातीवर हात ठेविला. "इतकी वर्सं हाका मारत व्हतं," त्या म्हणाल्या, "आन आमी वरनं नुसतं तन उपटत बसलो." मैनाबाई त्यांच्या शेजारी बसल्या.

पुढे पेराबंदीचा हुकूम उठला, बी गावोगाव गेले, रयत जागची हलली नाही, आणि मैनाबाई काचघरी परतोन दुसरी बोली शोधावयास लागल्या. टारफुल्याचे पारिपत्य जाहले ते येणेप्रमाणे. जैसे घडले तैसे लिहिले. अधिकउणे असेल ते वाचणारांनी पोटात घालावे.