सखारामजींची चीज

सखारामजी संत्रं विकण्याआधी कानाला लावत. गिऱ्हाईक ताटकळलं तरी हरकत नाही, पण फळ कानाशी धरून, डोळे मिटून, हलवून ऐकल्याशिवाय ते त्याच्या हाती जात नसे. "आतून कोरडं असलं का सांगते ते," म्हणत आणि निम्मी फळं परत टोपलीत टाकत. अमरावतीच्या बाजारात असा धंदा करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

वलगावच्या वाटेवर त्यांची बाग होती. बागेतल्या घराची एक खोली मी भाड्यानं घेतली होती. मी शाळामास्तर. सकाळी शाळेत निघालो की सखारामजी नवं काहीतरी आरंभून बसलेले दिसत. कुणी म्हटलं, हे होणार नाही, तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "काहून नाई होनार? साहेबाले का चार हात हायेत?"

त्या वर्षी ते कँपातल्या एका साहेबाच्या बंगल्यावर संत्री पोचवायला गेले आणि खानसाम्याच्या टेबलावर त्यांनी एक पदार्थ पाहिला. पौर्णिमेच्या चंद्रासारखा गोल, पिवळसर, वर संत्र्याच्या फोडी. खानसामा म्हणाला, "चीजकेक." सखारामजींनी चाखला नाही, कारण आत अंडी होती आणि त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. पण कृती मात्र खोदून खोदून विचारून घेतली. फाडलेल्या दुधाचा चोथा, मलई, साखर, संत्र्याचा रस, किसलेली साल, खाली बिस्किटांचा चुरा.

"चीज म्हंजे चीजच हाय ते, मास्तर!" दुसऱ्या दिवशी अंगणात तीन दगड मांडता मांडता ते मला म्हणाले. "अन् संत्रे आपले!"

"अंडं आनलं त मी चालली माहेरी," आतून अनसूयाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, बजावलं.

"अंड्याबिगर करतो. शिंगाड्याचं पीठ टाकतो."

पहिला केक पातळ झाला. आम्ही तो वाटीत घेऊन प्यायलो. दुसऱ्याच्या वेळी पितळी डब्याखाली निखारे फार झाले. बिस्किटांऐवजी खाली घातलेली नानकटाई कोळसा झाली आणि वरचं सगळं कच्चं. तिसरा छान जमला होता, पण निवत ठेवला तो गाईनं पाहिला. सखारामजी गाईवर रागावले नाहीत. तिच्या तोंडाकडे बारकाईनं पाहत म्हणाले, "चाटून राहिली. म्हंजे चव बराबर हाय."

अनसूयाबाई दुधासाठी कपाळाला हात लावत होत्या. बहार संपत आला होता, झाडावर थोडीच फळं उरली होती. शेवटी मीच म्हणालो, "सखारामजी, तुम्ही स्वतः हा पदार्थ कधी खाल्ला नाही. बरोबर झाला की नाही, ते कळणार तरी कसं? एवढा हट्ट कशासाठी?"

ते निखारे सारखे करत होते. हात थांबला. त्यांनी ओसरीकडे पाहिलं.

ओसरीत चंद्रा बसली होती, त्यांची लेक. तिला अकोल्याला दिली होती. वीस दिवसांचं बाळ गेलं आणि ती माहेरी आली. आल्यापासून भिंतीला टेकून बसे. पुढे ठेवलेलं दोन घास खाई, पण मागत काहीच नसे.

"बंगल्यावरून आलो त्या रोजी जेवतानी मी हे समदं सांगून राहिलो होतो," ते हळू आवाजात म्हणाले. "तं पोट्टी म्हने, 'कसं लागत असंन, बाबा?' तीन महिन्यांत तेवढंच बोलली. आता मी तिले काय सांगू, मालूम नाई म्हनून?"

मी दप्तर ठेवलं आणि झाकणावर निखारे घालायला बसलो.

चौथा केक डब्यातून अख्खा निघाला. जरासा एका बाजूला कललेला, पण उभा. सखारामजींनी पळसाच्या पानावर एक तुकडा घेतला, ओसरीत गेले आणि लेकीसमोर ठेवला. अनसूयाबाई दारात उभ्या राहिल्या. गाय मी धरून ठेवली होती.

चंद्रानं बोटानं कडेचा लचका काढला. तोंडात घातला. बराच वेळ चघळला. मग दुसरा घेतला.

"बाबा," ती म्हणाली, "कडू लागते. तुमी सालीचा पांढरा भाग बी किसला."

चंद्रा उठली, पदर खोचला आणि टोपलीतलं एक संत्रं उचललं. "किसनी कुठी हाय? वरचीवर किसा लागते."

सखारामजी धडपडत अंगणात आले. बांधापलीकडे शेजारचे लोक काम करत होते. त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले, "कडू हाय म्हंते! ऐकलं का, मास्तर? माही पोरगी म्हंते, कडू हाय!"