वय झालं म्हणजे किती?

सुमनताईंना मयताच्या घरी भेटायला घेऊन जायची आमच्या सोसायटीत कोणाची छाती नव्हती. माणसं भिंतीला टेकून बसलेली असायची, कोणीतरी सुस्कारा टाकून म्हणायचं, "चालायचंच. वय झालं होतं." आणि कोपऱ्यातून सुमनताईंचा आवाज यायचा, "वय झालं होतं म्हणजे किती?"

त्या आवाजात भांडण नसायचं. मेथीची जुडी केवढ्याला, असं विचारावं इतक्या साधेपणाने त्या विचारायच्या. पण घरातली माणसं गडबडायची. मुलगा साठ म्हणायचा, जावई सत्तर म्हणायचा, मग दोघांची जुंपायची आणि रडणं बाजूला राहायचं. आमच्या हिने तर मला बजावून ठेवलं होतं की मी गेले तर आधी माझा जन्मदाखला दाराला चिकटवा आणि मगच समोरच्या बाईंना आत घ्या.

आम्ही बदलापूरला राहायला आलो तेव्हापासून सुमनताई समोरच्याच दारात. वय पन्नास, उंच बांधा, खांद्याला कापडी पिशवी, पायात पुरुषी सँडल. एकट्या राहायच्या. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेसाठी त्या घरोघर हिंडून माहिती गोळा करायच्या. कुठल्या वस्तीतली माणसं किती जगतात, कशाने जातात, आणि एका वस्तीतली दुसरीपेक्षा लवकर का जातात, असा तो विषय. मी टेलिफोन खात्यातला माणूस. मला पगारी रजेवर बोलता येतं, अशा विषयांवर नाही. तरी एकदा मी म्हणालोच, की गरीब आधी मरतो हे माझ्या आजीलाही ठाऊक होतं, त्याला संशोधन कशाला हवं?

"सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच कोणी विचारत नाही, सावंत," त्या म्हणाल्या. टोमणा होता हे मला जिना उतरल्यावर कळलं.

त्यांच्या कामातली खरी अडचण म्हणजे वय. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला वय विचारलं की तो विचारणाऱ्याला बरा वाटेल असा एक आकडा फेकतो. सुमनताई तो आकडा झेलतच नसत. "अंदाज नको, खूण सांगा," हा त्यांचा मंत्र. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी सुकडी खाल्ली होती का? बारवीचं धरण बांधत होते तेव्हा लग्न झालं होतं का? आणीबाणीत नसबंदीवाले गावात आले तेव्हा कडेवर कोण होतं? अशा खुणा दोन्ही बाजूंनी जवळ आणत आणत त्या माणसाला नेमक्या वर्षात गाठायच्या. बाहेर पडताना चेहऱ्यावर असं समाधान, जणू हरवलेलं वासरू घरी बांधून आल्या आहेत.

ही खोड काम संपल्यावरही सुटायची नाही. एकदा आमची ही त्यांना घेऊन उल्हासनगरला साडी घ्यायला गेली. गल्ल्यावरची सिंधी दादी एक गुलाबी साडी पसरून म्हणाली, "मैं पचास की हूँ, मैं भी यही रंग पहनती हूँ." सुमनताईंनी लगेच विचारलं, "दादी, कॅम्प में आए तब गोद में थे कि चलते थे?" दादी बिचारी भोळेपणाने सांगून बसली की फाळणीनंतर कॅम्पात आलो तेव्हा चालत होते, बाहुलीसुद्धा हातात होती. झालं. सुमनताईंनी जागच्या जागी तिची साठी ओलांडून दिली. साडी मिळाली, पण भाव एक पैसा कमी झाला नाही. ही घरी येऊन धुसफुसत होती आणि सुमनताई मात्र खूश. साठी उलटलेली बाई कशी तुरुतुरु माडीवर चढते, हे त्या मला परत परत सांगत होत्या.

मग आमच्याच बिल्डिंगमध्ये एक गंमत झाली. गंमत म्हणू नये, पण सुमनताईंच्या शेजारी राहून माझीही जीभ बिघडली आहे. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा नव्वदीला टेकून गेले. सगळे हळहळले, अचानक गेले हो, अजून दहा वर्षं सहज काढली असती. त्याच महिन्यात जिना झाडणाऱ्या बाईचा नवरा गेला. त्याच लोकांनी त्याच तोंडाने म्हटलं की सुटला बिचारा, वय झालं होतं. सुमनताईंनी खुणा लावल्या तर तो चाळिशीच्या आसपासचा निघाला. ते कळल्यावर त्या नुसत्या जिन्यात कठड्याला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. मला वाटलं, गुडघा दुखत असेल.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांना धरणापलीकडच्या एका पाड्यावर जायचं होतं. तिकडे एसटी जात नव्हती, म्हणून त्यांनी माझी स्कूटर आणि स्कूटरसोबत मला उचललं. वर्षभरात कोणाच्या घरी कोण वारलं, एवढंच विचारायचं होतं. शेवटच्या घरात कोणी गेलेलं नव्हतं. पण ओटीवर गोधडीत एक बाई खोकत पडली होती. गालफडं बसलेली, केस पांढरे, पुढचे दात नाहीत. तिने आम्हाला बघून मान उचलली. "काय गो पोरी, उन्हाची कशाला फिरतेस? पानी पी," सुमनताईंना ती म्हणाली.

तिचा मुलगा बाळू बाहेर आला. तिशीचा गडी, बोलायला मऊ. दवाखान्यात नेलं होतं का, असं सुमनताईंनी विचारलं. तो म्हणाला, "म्हातारी हाय. वय झाला तिचा. आता कुठं न्यायची?"

मी डोळे मिटून घेतले. पुढचा प्रश्न मला पाठ होता.

"वय झालं म्हणजे किती?"

बाळूने पासष्ट सांगितलं. सुमनताई त्या बाईच्या उशाशी मांडी घालून बसल्या आणि खुणा सुरू झाल्या. तिचं नाव चंद्री. धरणाचं काम चालू होतं तेव्हा ती परकर नेसून आईबरोबर माती वाहायला जायची. म्हणजे लग्न झालेलं नव्हतं. नसबंदीवाले आले तेव्हा बाळू पोटात होता आणि तिचा सासरा भिऊन रानात लपला होता, भाकरीसुद्धा तिथेच पोचवावी लागायची. हे सांगताना ती एवढी हसली की हसण्याचा खोकला झाला आणि तो थांबेना. सुमनताई तिची पाठ चोळत होत्या आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर हिशेब करत होत्या. एकदा केला, परत केला. मग त्या बाळूकडे वळल्या.

"बाळूदादा, तुमची आई माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे."

बाळूने एकदा सुमनताईंकडे बघितलं, एकदा आईकडे. मीही बघितलं. खोटं कशाला बोलू, मलाही ते पटेना.

"असा कसा व्हईल?" तो म्हणाला. "तिची आय गेली तीबी एवढीच म्हातारी व्हती. आमच्यात बाया एवढ्याच टिकतात."

त्याच्या बोलण्यात कुठे दगडी काळीज नव्हतं. आंब्याला मोहर कधी येतो हे सांगावं तसं त्याने सांगितलं. सुमनताईंनी चंद्रीची गोधडी नीट केली. मग त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मला कोणी असं ओटीवर ठेवून वाट बघत बसलं, तर तुम्हाला चालेल का?"

बाळू ओटीवरून उतरला आणि आईला न्यायला जीप बघायला गेला.

बदलापुरातल्या दवाखान्यात खिडकीवरच्या माणसाने पेशंटचं वय विचारलं. बाळू सवयीने पासष्ट म्हणाला. मग थांबला. "नाय नाय. शेचाळीस," तो म्हणाला, आणि त्याने बाकावरच्या आईकडे वळून बघितलं. आज सकाळपर्यंत तो आईचं जाणं ठरलेलं धरून होता, त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. आता त्याला ती मरेल अशी भीती वाटत होती. छातीचा फोटो निघाला. क्षय होता. डॉक्टर म्हणाले, औषधं न चुकता घेतली तर बरी होईल, अजून उशीर झालेला नाही.

बाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. सुमनताईंना मी कधी त्यांच्या घरच्यांबद्दल विचारलं नव्हतं, तेव्हाही विचारलं नाही. त्या आपणहून बोलल्या. अंबरनाथच्या चाळीत त्यांचं बालपण गेलं. आई उल्हासनगरला एका घरी पापड लाटायला जायची आणि रात्रंदिवस खोकायची. ती गेली तेव्हा चाळीतले सगळे म्हणाले, वय झालं होतं.

"सगळ्यांत आधी कोण म्हणालं, माहीत आहे? माझी आजी. आईची सासू. धडधाकट बसली होती दारात," सुमनताई म्हणाल्या. "आणि मी ते खरं धरलं, सावंत. आई म्हातारी होती, म्हणून गेली. कितीतरी वर्षं मी हेच धरून चालले. या कामाला लागले आणि एकदा सहज आईच्या खुणा लावून बघितल्या. चौतीस."

चहा निवत होता. दोन धाकटे भाऊ त्यांनीच वाढवले, ते आता आपापल्या घरी. दहाव्या-बाराव्या वर्षी त्या सगळ्यांच्या ताई झाल्या, त्या आजतागायत. चाळीत ताई, कामावर ताई, सोसायटीत ताई. मला फार वाईट वाटलं, आणि मी आणखी एक चहा सांगितला.

पुढच्या वर्षी करवंदांच्या दिवसांत मी, ही आणि सुमनताई बाजारात गेलो होतो. रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसलेल्या बायकांतून एक हाक आली, "काय गो पोरी, वळख इसरलीस?" चंद्री होती. अंगावर मांस आलेलं, आवाज खणखणीत, केस मात्र तसेच पांढरे. तिने सुमनताईंचा हात धरून खाली बसवलं आणि तोंडावरून हात फिरवला. "किती सुकलीस गो. येळेवर जेवतेस का नाय, पोरी?"

मला राहवलं नाही. वर्षानुवर्षं या बाईंनी सगळ्या जगाची वयं दुरुस्त केली, आज आयती संधी आली होती. "अहो चंद्राबाई," मी म्हणालो, "या तुमच्याहून चार..."

सुमनताईंचा पुरुषी सँडल माझ्या पायावर पडला. चांगला जोरात. 

चंद्रीने पाटीतलं एक टपोरं करवंद निवडलं, पदराला पुसलं आणि म्हणाली, "आ कर." आणि भर बाजारात, सगळ्यांच्या देखत, सुमनताईंनी तोंड उघडलं.