गायकवाडकाकांची लक्षणं

आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत ड्रेनेज तुंबलं की आम्ही सफाईवाल्याला फोन करतो. तळमजल्यावरचे गायकवाडकाका मात्र जिन्यात उभे राहून दीर्घ श्वास घेतात आणि म्हणतात, "गंधक! लक्षणं आहेत, बरं का."

बँकेतून रिटायर झाल्यावर लोक गुडघे धरून बसतात, काकांनी ज्वालामुखी धरला. "सह्याद्री म्हणजे काय? थिजलेला लाव्हा! आपण त्याच्यावर टू-बीएचके बांधलेत, एवढंच."

उद्रेकाआधी जमीन फुगते, बारीक हादरे बसतात, वायू सुटतात, झरे तापतात, हे त्यांनी प्रत्येकाला लिफ्टमध्ये गाठून सांगितलंय. लॉबीतल्या फरश्या उखडून वर आल्या, तेव्हा त्यांनी सेक्रेटरींना जमिनीला गाल टेकवून फुगवटा बघायला लावला. शेजारच्या टॉवरचा पाया खणताना आमच्या कपबशा वाजल्या, तर हे थर्मास घेऊन पळायच्या तयारीत गेटवर!

"काका, मशीन चालू आहे हो."

"मशीन निमित्त. आतून कोण ढकलतंय ते बघ."

दर महिन्याला ते गणेशपुरीच्या गरम कुंडांचं तापमान घ्यायला जातात. मागे एकदा मीच त्यांना गाडीने नेलं. थर्मामीटर बुडवून काकांनी जाहीर केलं, "नेहमीइतकंच. ठाणं सुरक्षित!"

"मग निघू या?"

पण काका थबकले. पायरीवर एक आजी बसलेल्या, सून त्यांना पाण्यात उतरा म्हणून विनवत होती.

"भाजतंय गं," आजी कळवळल्या.

काकांनी त्यांची बादली मागून घेतली. कुंडातलं पाणी काढलं, नळाचं गार मिसळलं, कोपर बुडवून पाहिलं. मग उकिडवे बसून तांब्याने हळूहळू आजींच्या पायांवर धार धरली. "एकदम गुडघ्यावर नको. आधी पोटऱ्या. हं, आता बघा."

आजींनी डोळे मिटले. "कुठं शिकलात हो, भाऊ?"

"आमच्या हिचे गुडघे दुखायचे. दर महिन्याला आणायचो." काकांनी तांब्या पुन्हा भरला. "ती गेल्यावर नुसतंच यायचं म्हणजे... लोक विचारतात ना, काय काम काढलंत?"

मी थर्मामीटर पुसून त्यांच्या पिशवीत ठेवला.

निघताना आजींनी विचारलं, "पुढच्या महिन्यात असाल का इथं?"

"असेन की," काका म्हणाले.

परतताना भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये आम्ही बराच वेळ अडकलो. काका ज्वालामुखीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पहिल्यांदाच ते मला काकूंविषयी सांगत होते.