ओंगचा बगळा

आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याचं पोट दुखायला लागलं की तो म्हणतो, "तळ्यावर वारा सुटला." दात दुखला की, "जुनं फाटक, एक फळी हलते." एकदा त्याची मुलगी कामावर होती म्हणून मी त्याला कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय होतंय? म्हातारा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पाऊस नाही, तरी छप्पर गळतं." बाई माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "हगवण लागलीय त्याला, गोळी द्या." बाहेर आल्यावर म्हातारा माझ्यावरच उखडला. असं चारचौघांत उघड बोलतात का, म्हणे! गोळी मात्र तिथेच उभ्या उभ्या गिळली.

मी जहाजावर फिटर होतो. इंजिनरूममध्ये जे बोलायचं ते दोन शब्दांत आणि ओरडून. शाळा सातवीपर्यंत, तीही मास्तरांनी कंटाळून वर ढकलला म्हणून. कविता म्हटलं की माझा तळहात अजून झोंबतो. सुमन, माझी बायको, गेल्या वर्षी गेली. मग मुलानं, निलेशनं, मला देवगडहून उचललं आणि इथे सिंगापुरात, बुकित तिमाहच्या कॉन्डोत आणून ठेवलं. तेव्हापासून मी चिडलेलोच आहे. कोणावर ते विचारू नका. लिफ्टमध्ये उगाच हसणाऱ्यांवर, पोहण्याच्या तलावाच्या निळ्या रंगावर, वेळेवर येणाऱ्या बसवर. ती गेली तरी सगळं इतकं सुरळीत चाललंय, त्याचाच संताप येतो.

आणि त्यात शेजार हा असा. मी त्याला ओंग म्हणतो, म्हणजे व्हिएतनामी भाषेत आजोबा, म्हाताऱ्या माणसाला मानानं म्हणायचं. त्याचं खरं नाव माझ्या जिभेला जमत नाही आणि माझं त्याच्या. तो मला 'इंडिया' म्हणतो. फिट्टंफाट. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत, त्याचं पोस्टातलं, माझं जहाजावरचं. इथे मराठीत करून लिहितोय म्हणून ते शहाण्यासारखं वाटेल. तेवढं ते नसतं.

ओंग ह्वे नावाच्या गावचा. गाव नदीकाठचं. पोस्टात नोकरी आणि जन्मभर कविता. जुन्या वळणाच्या. एक ओळ सहा अक्षरांची, खालची आठाची, यमक कुठे बसवायचं ते ठरलेलं. कवितेत काय यायचं तेही बापजाद्यांनी ठरवून ठेवलेलं: नदी, चंद्र, होडी, बगळा. आणि काय यायचं नाही तेही. 'मी' यायचा नाही. मला असं झालं, मला तसं वाटलं, हे बंद. "नियम आहे," हे त्याचं पालुपद. कविता सोडाच, हा माणूस जेवणाच्या टेबलावरही त्याच नियमानं वागतो. मीठ हवं असेल तर म्हणतो, "समुद्र लांब राहिला." आमच्या वरच्या मजल्यावरची पोरं नाचतात म्हणून त्यानं कॉन्डोच्या ऑफिसला तक्रार दिली, तीही सहा-आठात, चंद्रावर हरणं नाचतात वगैरे. ऑफिसातला पोरगा डोकं खाजवत म्हणाला, "अंकल, धिस वन कॅनॉट लाह."

त्याची मुलगी लान. हार्बरफ्रंटला एका शिपिंग ऑफिसात आहे. तीही कविता करते, पण नव्या. सहा नाही, आठ नाही, यमक नाही, आणि पहिलाच शब्द 'मी'. मी थकले. मी चिडले. मला माझ्या पोटाची लाज वाटत नाही. बाप तिची कविता ऐकली की कानांवर हात ठेवतो. "चड्ड्या वाळत घालाव्यात तशी कविता," म्हणतो. "बांबूवर, रस्त्याच्या बाजूला!"

खरं सांगायचं तर मी आधी म्हाताऱ्याच्या बाजूचा होतो. कारण निलेशनं मला नोव्हेना भागात एका बाईकडे नेलं होतं, दुःख झालेल्या माणसांना बोलतं करणारी. समोर टिश्यूचा डबा. "अंकल, मन खोलके बोलिये." मी म्हटलं, मन काय गिअरबॉक्स आहे खोलायला? बाई म्हणाली, आपको कैसा लग रहा है? मी म्हटलं, थंडी वाजतेय, एसी कमी करा. परत गेलो नाही. ज्याला त्याला मेलं आतलं बाहेर काढून बघायचं असतं. त्यापेक्षा म्हाताऱ्याची गळकी छपरं बरी.

मग एक दिवस ओंग आमच्या दारात उभा राहिला. "पाखरू उत्तरेला निघालं," म्हणाला. मला वाटलं आता काय दुखतंय. पण हातात विमानाचं तिकीट होतं, शुक्रवारचं, फक्त जायचं.

"ह्वेला? तिथं कोण आहे तुझं?"

"नदी आहे."

"नदी चहा करून देते?"

तो गेला निघून. मी दार आपटलं. या वयात एकटा जाऊन बंद घराचं कुलूप उघडणार! मी तसं कुलूप उघडलेलं आहे, सुमनला पोचवून आल्यावर. मला माहीत आहे आत काय असतं.

तो का निघालाय ते दुसऱ्या दिवशी कळलं. भिंतीपलीकडून असा आरडाओरडा, की मी चप्पल न घालताच त्यांच्या दारात गेलो. लानचे डोळे लाल. "अंकल, या. तुम्हीच सांगा आता!" सातवी पास माणसाला कवितेचा न्याय करायला बसवला त्या दोघांनी. मधे टेबल, एका बाजूला बाप, एका बाजूला लेक.

त्या शनिवारी लायब्ररीच्या हॉलमध्ये लान कविता वाचणार होती. आपल्या आईवर. आई दोन वर्षांपूर्वी वारली, त्यानंतरच बापाला तिनं इकडे आणलेलं. तिनं ती कविता मला इंग्रजीत वाचून दाखवली.

"आई, मी तुझे गुडघे विसरत नाही. अंधार असताना तू नदीत उतरून भाजी धुवायचीस. मग दिवसभर शेवयांचं सूप विकायचीस. बाबा ओट्यावर बसून ओळी जुळवायचे. तुझ्या पैशांची शाई. बाबांनी तुला एक पक्षी दिला. बसायला खुर्ची नाही दिली."

म्हातारा दात-ओठ खात होता. "परक्या देशात, माइक लावून! बापाला चारचौघांत उघडा करते!"

"मग तुमची म्हणा की! म्हणा अंकलना!"

त्यानं म्हटली. गायल्यासारखी, डोळे मिटून. लाननं अर्थ सांगितला. नदी गार पडली. एक बगळा. पाणी गुडघ्याला लागलं. संध्याकाळ झाली, मासा नाही. संपलं. त्यांच्याकडे म्हणे कवितेतला बगळा म्हणजे घरासाठी राबणारी बायको. आमच्याकडे बगळा म्हणजे ढोंगी. सुमनला मी बगळा म्हटलं असतं तर तिनं लाटणं फेकून मारलं असतं.

"किती पिढ्या तोच बगळा!" लान ओरडली. "कोणाचीही बायको असो, बगळाच! माझी आई पक्षी नव्हती. तिची लाल स्कूटर होती. ती उधारीवाल्यांना शिव्या द्यायची. हसताना तोंडावर हात धरायची. कुठे आहे ते यांच्या कवितेत? यांनी तिच्याकडे कधी पाहिलं तरी का, हेही न कळता मेली ती!"

आता माझी पाळी. मी म्हटलं, "पोरीची कळली. तुझी नाही कळली. पण पोरी, बापाची लाज अशी मांडून ठेवायची म्हणजे..." पुढचं कोणी ऐकलंच नाही. दोघंही माझ्यावर तुटून पडले. मग म्हातारा उठला आणि खोलीत जाऊन बॅग भरायला लागला.

मीही मागे गेलो. बॅग बंद होईना. तो तिच्यावर बसला आणि मी चेन ओढू लागलो, शिव्या देत. आणि रागातच विचारलं, "तिला कळत होतं का रे? बगळा म्हणजे ती, हे?"

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मूर्ख मीच. "तिला? पहिल्या दिवसापासून."

आणि हसला. मी त्याला हसताना पहिल्यांदा पाहिलं. कांदा चिरता चिरता ती कविता ऐकायची, म्हणाला, आणि म्हणायची, "परत मला पाण्यात उभं केलंत? पाय मोडले माझे. पुढच्या कवितेत मला कोरड्यात बसवा." दर वेळी तेच. आणि हा दर वेळी सांगायचा, बगळा पाण्यातच असतो, नियम आहे. मग तिनं अंथरूण धरलं. तेव्हा यानं नियम मोडला. बगळा घराच्या वळचणीला आणून बसवला, कोरड्यात. कविता-मंडळातले सगळे म्हातारे हसले. बगळा वळचणीला? कोंबडी आहे का ती? यानं तिला म्हणून दाखवली.

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, आता बरं वाटलं." तो चेनीकडे बघत राहिला. "मग म्हणाली, पण मी एकटीच बसलेय की. तुम्ही कुठे आहात यात?"

मी चेन सोडली.

"मी कसा येणार कवितेत? मला सवय नाही. म्हटलं, करतो दुरुस्त. उद्या करतो." त्यानं हात मांडीवर ठेवले. "सहाची ओळ आहे. आठाची अजून बसत नाही."

मला जो राग आला तो सांगता येत नाही. त्याच्या बायकोचा आला, मरताना असले प्रश्न मागे ठेवून जातात म्हणून. म्हाताऱ्याचा आला. सगळ्यांचा आला. मी दार उघडलं आणि इंजिनरूममध्ये ओरडायचो तसा ओरडलो, "लान! इकडे ये!" आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. कांदा, वळचण, कोंबडी, 'तुम्ही कुठे आहात', सगळं. म्हातारा माझा सदरा ओढत होता. "गप्प! इंडिया, गप्प!"

लान दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "कवितेत!" ती म्हणाली. "कवितेत बसवलंत कोरड्यात!" आवाज फाटला तिचा. मला वाटलं आता हात उगारते. पण ती आली आणि बापाशेजारी बॅगवर बसली. बॅग आणखी दबली.

मग म्हणाली, "सहाची कोणती? म्हणा."

"तुझ्यासमोर नाही."

"म्हणा म्हणते ना!"

त्यानं म्हटली. मला एक अक्षर कळलं नाही. मी घरी गेलो.

शुक्रवारी विमान गेलं असेल, त्यात ओंग नव्हता. शनिवारी लाननं हॉलमध्ये कविता वाचली. एक शब्द बदलला नाही, ना खुर्चीचा, ना शाईचा. ओंग पहिल्या रांगेत काळा कोट घालून, कोणाचं तरी प्रेत उचलायला आल्यासारखा बसला होता. खुर्चीची ओळ आली तेव्हा पाठ टेकायची सोडून तो पुढे सरकून, काठावर बसला. कार्यक्रम संपेपर्यंत तसाच. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यानं वाजवल्या नाहीत. लानची शाल खुर्चीवर राहिली होती, ती तेवढी घडी करून हातावर घेतली.

आता रोज संध्याकाळी भिंतीपलीकडे भांडण असतं, ते त्या आठाच्या ओळीचं. लान म्हणते, 'मी' लिहा, दुसरं काही नको. तो म्हणतो, अजिबात नाही. मग होडी की खांब की छत्री, यावरून जुंपते. निलेश म्हणाला, बाबा, ऑफिसला कळवू का, फार आवाज करतात. मी म्हटलं, खबरदार.

माझ्याशी म्हातारा बरेच दिवस बोलला नाही. लिफ्टमध्ये भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, "तू नवा कवी आहेस." त्याच्या तोंडची सगळ्यात घाण शिवी.

काल सकाळी मी खाली तलावाजवळ बसलो होतो. तो येऊन समोर उभा राहिला, हात मागे बांधून. नमस्कार नाही, काही नाही.

"इंडिया. तुझी बायको. कोणता पक्षी?"

माझं डोकंच फिरलं. "माझी बायको पक्षीबिक्षी नव्हती! माणूस होती! चालता हो!"

तो हलला नाही. उन्हात उभा राहिला. या म्हाताऱ्याला पोस्टात चाळीस वर्षं खिडकीमागे बसून वाट बघायची सवय, ती माझ्यावर वापरत होता.

"साळुंकी," मी म्हटलं. "डोळे उघडले की सुरू. भांड्यांशी भांडायची, कावळ्यांशी, मी जहाजावरून परत आलो की माझ्याशी. कान किटायचे."

ओंगनं मान हलवली, गंभीरपणे, मोठा निर्णय दिल्यासारखी. "साळुंकी चांगली. इथे फार आहेत."

होत्या खऱ्या. तिथेच गवतावर चार-पाच, कॉन्डो आपल्याच बापाचा असल्यासारख्या, एकमेकींवर तोंड टाकत हिंडत होत्या.

"आणि तू कुठे?" तो म्हणाला.

"मी काय? मी खाली. बाकावर."

त्यानं बाक या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला. मग म्हणाला, "बाक मोठा आहे. दोन म्हातारे मावतात."